टाचणातला एक रकाना बदला: ऑनलाइन तासासाठी थेट अध्यापनाचा पाठ कसा आखावा

प्रश्न थोडक्यात असा. एक शिक्षक सहावीच्या ३५ मुलांना गणित ऑनलाइन शिकवतात, ४० मिनिटांचा तास. स्लाइड नेटक्या असतात, समजावणंही स्पष्ट असतं. "समजलं का?" विचारलं की चॅटमध्ये "हो सर", "हो सर" अशी रांग लागते. आणि चाचणीत निम्मी मुलं १/२ + १/३ = २/५ असं लिहून मोकळी होतात. त्यांना थेट अध्यापनाच्या पद्धतीनं पाठ आखायचा आहे, पण पडद्यावर तो कसा बसवायचा हे उमगत नाही. मुलांचे कॅमेरे बंद असतात, अशी त्यांची तक्रार आहे. शिवाय रेकॉर्डिंग मुलांना द्यावं की नाही, हाही प्रश्न आहे.

सर, तुमचं पाठाचं टाचण मी पाहिलेलं नाही, तरी एक अंदाज करते. त्यात वेळ, मुद्दा आणि "शिक्षककृती" असे रकाने असतील. "विद्यार्थीकृती" हा रकानाही असेल, आणि त्यात "लक्षपूर्वक ऐकतात", "निरीक्षण करतात", "उत्तरे देतात" असं लिहिलेलं असेल. आपण सगळ्यांनी वर्षानुवर्षं तेच लिहिलंय. वर्गात ते खपून जातं, कारण मुलांचे चेहरे समोर असतात. मागच्या बाकावर कोण हरवलंय हे टाचणात नसलं तरी डोळ्यांना दिसतं. ऑनलाइन तासात डोळ्यांना दिसते फक्त आपलीच स्लाइड. म्हणून तिथे त्या रकान्यात "ऐकतात" हे क्रियापद चालणारच नाही. दर दोन-तीन मिनिटांनी प्रत्येक मूल काय लिहिणार, आणि ते मला कुठे दिसणार, एवढंच तिथे लिहायचं. जे दिसणार नाही ते घडलंच नाही असं धरायचं. बाकी सगळी आखणी यातूनच निघते.

थेट अध्यापन म्हणजे शिक्षकाने बोलायचं आणि मुलांनी ऐकायचं, असा एक समज आहे. तो आधी दूर करते. झिगफ्रीड एंगलमन आणि वेस्ली बेकर यांनी १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये ही पद्धत उभी केली. त्यांच्या वर्गांत शिक्षक लहान लहान वाक्यं बोलायचे, आणि प्रत्येक एक-दोन वाक्यांनंतर खूण करून सगळ्या मुलांकडून एकसुरात उत्तर घ्यायचे. 'फॉलो थ्रू' या १९६८ मध्ये सुरू झालेल्या मोठ्या सरकारी प्रकल्पात अनेक पद्धतींची तुलना झाली. तेव्हा वाचन आणि गणिताच्या मूलभूत कौशल्यांत ही पद्धत पुढे होती. गंमत म्हणजे मुलांच्या आत्मविश्वासाच्या मोजमापातही ती पुढेच निघाली. ज्यांना तो घोकंपट्टीचा प्रकार वाटत होता, त्यांना हे पचायला जड गेलं.

दुसरं नाव बराक रोझेनशाइन यांचं. प्रभावी शिक्षक वर्गात नेमकं काय करतात याचं त्यांनी सार काढलं. त्यातले दोन आकडे मी टाचणाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहेत. गणिताच्या ४० मिनिटांच्या तासात जास्त प्रभावी शिक्षक सुमारे २३ मिनिटं समजावणं, करून दाखवणं, प्रश्न विचारणं आणि उदाहरणं सोडवणं यांत घालवत. सर्वांत कमी प्रभावी शिक्षक त्यासाठी ११ मिनिटं देत आणि उरलेला वेळ मुलांना "आता तुम्ही सोडवा" म्हणून सोडून देत. दुसरा आकडा: सरावाच्या वेळी मुलांची साधारण ८० टक्के उत्तरं बरोबर यायला हवीत. कमी आली तर मुलं चुका घोटवत बसतात, आणि सगळीच बरोबर आली तर आपण फार सोपं देतोय. हे २३ मिनिटांचं गणित वाचून काहीजण सलग २३ मिनिटांचं व्याख्यान देतात. तसं नाही. त्या २३ मिनिटांत प्रश्नही आहेत आणि मुलांची उत्तरंही.

आता ऑनलाइनची अडचण. मी पहिल्यांदा पडद्यावर शिकवायला बसले तेव्हा वर्गातली एकसुरात उत्तर घेण्याची सवय तशीच नेली. "सगळ्यांनी माइक सुरू करा, मी 'बोला' म्हटलं की उत्तर द्या." पुढचे दहा सेकंद कुणीतरी भांड्यांचं कपाट ढकलून दिल्यासारखा आवाज आला. प्रत्येकाचा आवाज वेगळ्या विलंबानं पोचतो, आणि ही सॉफ्टवेअरं एका वेळी एकच आवाज पुढे आणून बाकीचे दाबतात. शेवटी एका खणखणीत आवाजाच्या मुलाचं "पाच!" तेवढं ऐकू आलं, आणि मी समाधानानं पुढे गेले. चौतीस जणांनी काय म्हटलं होतं, हे मला आजतागायत माहीत नाही. एकसुरात उत्तर घेण्यामागचं तत्त्व बरोबर होतं, वाहन चुकीचं होतं. ते वाहन आता चॅट आहे. त्याकडे पुढे येते.

आखणी शेवटापासून सुरू करा. तासाच्या अखेरीस मुलांनी एकट्यानं कोणता प्रश्न सोडवायला हवा, तो आधी लिहा. "अपूर्णांकांची बेरीज समजणे" हे उद्दिष्ट तपासता येत नाही. "१/६ + ३/८ सोडवून १३/२४ पर्यंत येणे" हे येतं. मग स्वतःला विचारा की हे सोडवायला कोणते तुकडे लागतात. छेद सारखे आहेत की वेगळे हे ओळखणं, लसावि (लघुतम साधारण विभाज्य) काढणं, सममूल्य अपूर्णांक करणं, समच्छेद अपूर्णांकांची बेरीज. चार तुकडे, आणि चारही तुमच्या मुलांनी आधी शिकलेले. आज नवीन काय आहे तर त्यांची सांधणी, आणि "सांधायची का?" याचं उत्तर. म्हणजे तासाची पहिली सहा मिनिटं या चार तुकड्यांची तपासणी. प्रत्येकावर एक प्रश्न, एका ओळीचं उत्तर. सममूल्य अपूर्णांकावर निम्मी मुलं घसरली तर आजचा पाठ आज होणार नाही, हे टाचणातच लिहून ठेवायचं. तसं लिहिलेलं नसेल तर आपण पुढे रेटतोच, कारण स्लाइड तयार असतात.

उदाहरणं निवडणं हा सगळ्या आखणीतला सर्वांत दुर्लक्षित भाग, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा. बहुतेक जण पहिलं उदाहरण १/२ + १/३ घेतात, दुसरं १/३ + १/४, तिसरं १/२ + १/५. सोपी आहेत म्हणून. उत्तरं बघा: ५/६, ७/१२, ७/१०. चलाख मुलाला तिसऱ्या उदाहरणापर्यंत नियम सापडलेला असतो: वर छेदांची बेरीज लिहा, खाली छेदांचा गुणाकार. दोन आणि तीन पाच, दोन त्रिक सहा. अंश १ असेल तोवर हा नियम दर वेळी बरोबर उत्तर देतो! मूल चॅटमध्ये बरोबर उत्तर पाठवतं, आपण शाबासकी देतो, आणि घरी गृहपाठात २/३ + १/४ आलं की ते ७/१२ लिहितं. खरं उत्तर ११/१२. मग आपण म्हणतो, "वर्गात तर येत होतं." वर्गातही येत नव्हतं. आपण निवडलेल्या उदाहरणांनी त्याचा आजार झाकून ठेवला होता.

तीच गत छेदांची. सगळ्या उदाहरणांत छेद २ आणि ३, ३ आणि ४, २ आणि ५ असे असतील तर मुलं "छेदांचा गुणाकार करायचा" एवढंच शिकतात. त्यानं उत्तर चुकत नाही, पण ३/४ + १/६ ला ती २४ कडे धावतात आणि लसाविचा उपयोग कशाला होता हे कधी कळतच नाही. आणि सगळीच उदाहरणं विषमछेदांची असतील तर २/९ + ५/९ समोर आल्यावरही मुलं छेद बदलायला बसतात, कारण "आज तसंच करायचं असतं."

एंगलमनचा आग्रह इथेच होता. काय आहे हे दाखवण्याबरोबर काय नाही हेही दाखवा, आणि दोन्हींत फरक शक्य तितका छोटा ठेवा. म्हणून माझ्या पाठाची सुरुवात बेरजेनं होत नाही, ओळखण्यानं होते. पडद्यावर २/७ + ३/७. लगेच त्याखाली २/७ + ३/५. बदललं काय तर एकच आकडा. मुलांनी फक्त "स" किंवा "व" पाठवायचं, छेद सारखे की वेगळे. मग ४/५ + ४/९, जिथे अंश सारखे आहेत आणि छेद वेगळे. इथे हटकून पाच-सहा "स" येतात. ती मुलं छेद बघतच नाहीत, कुठलेही दोन आकडे जुळले की "सारखे" म्हणतात. ९० सेकंदांत हे कळतं. पुढच्या २० मिनिटांचा गोंधळ वाचतो.

त्यानंतर करून दाखवणं. माझी शिडी अशी असते: २/३ + १/४ पूर्ण मी करते, बोलत बोलत. ३/५ + १/३ मी करते पण शेवटची पायरी रिकामी, ती मुलं भरतात. ३/४ + १/६ मध्ये मी फक्त लसावि काढते, पुढचं मुलांचं. मग २/५ + १/४ पूर्ण मुलांचं. म्हणजे एकेक पायरी शेवटाकडून सोडत जायची. सोडवलेली उदाहरणं अभ्यासल्यानं नवशिक्याच्या डोक्यावरचा भार कमी होतो, हे जॉन स्वेलर आणि सहकाऱ्यांनी १९८५ पासून दाखवलंय. पण नुसतं पाहून भागत नाही. पाहिल्यावर लगेच हात चालायला हवा, तोही थोडा थोडा वाढत.

करून दाखवताना काय बोलणार ती वाक्यं शब्दशः लिहून काढा. पूर्ण पाठाची संहिता लिहायची गरज नाही, पण ही आठ-दहा वाक्यं लिहाच. माझी अशी आहेत: "आधी छेद पाहते. तीन आणि चार. सारखे नाहीत. म्हणून अजून बेरीज करता येत नाही. दोघांनाही चालेल असा छेद हवा. तीन आणि चारचा लसावि बारा. दोन तृतीयांशाचे बारांश किती? आठ." दर उदाहरणाला हीच वाक्यं, याच क्रमानं. शिकवताना भाषा रंगतदार करण्याचा मोह होतो. एकदा "छेद", एकदा "खालची संख्या", एकदा "भाग". मोठ्यांना ते कानाला बरं लागतं, नवशिक्याला तीन वेगळ्या गोष्टी वाटतात. ऑनलाइन तर आवाज मधेच तुटतो. अर्धं वाक्य गळालं तरी ओळखीचं असेल तर मूल उरलेलं स्वतः भरून घेतं.

आता ते चॅट. नियम एकच: सगळ्यांनी उत्तर टाइप करायचं, पण मी "पाठवा" म्हणेपर्यंत पाठवायचं नाही. पहिले तीन दिवस मुलं हमखास आधीच पाठवतात आणि उरलेली ते पाहून आपलं बदलतात. चौथ्या दिवशी त्यांना मजा यायला लागते, कारण "पाठवा" म्हटल्यावर ३५ उत्तरं धबधब्यासारखी कोसळतात. उत्तर नेहमी छोटं मागायचं: एक अक्षर, एक संख्या. "कसं काढलं ते लिहा" असं चॅटमध्ये कधीच मागू नये. ३५ अक्षरं मी पाच सेकंदांत वाचते, ३५ वाक्यं नाही. वाचताना बरोबर उत्तरं शोधायची नाहीत. वेगळं काय आलंय तेवढं डोळ्यांनी टिपायचं आणि किती आली ते मोजायचं. "एकोणतीस आली. सहाजण राहिलेत, घाई नाही, मी थांबते." हे वाक्य मी दर तासाला बोलते. नाव घेत नाही. एवढ्यानंही दोन-तीन जण झोपेतून जागे होतात. टायपिंगला अडखळणाऱ्या लहान मुलांसाठी कागदाच्या चार रंगीत पट्ट्या किंवा कॅमेऱ्यासमोर धरलेली बोटं चालतात. काही मुलं दुसऱ्याचं पाहूनच लिहितात असा संशय आला, तर त्या प्रश्नापुरतं उत्तर फक्त शिक्षकाला दिसेल असं खासगी मागवा.

थांबायचं किती? मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांमध्ये मोजून पाहिलं होतं. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एका सेकंदाच्या आसपास थांबत आणि मग स्वतःच बोलू लागत. तीन सेकंद किंवा अधिक थांबलं तर उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येत. पडद्यावर तीन सेकंद पुरत नाहीत. एक-दीड सेकंद आवाज पोचण्यात जातो, मग कळफलक शोधण्यात. मी दहापर्यंत मनात मोजते. सुरुवातीला ती शांतता खायला उठते. टाचणात तिथे मी कंसात "दहा" असं लिहून ठेवायचे, म्हणजे तोंड बंद ठेवायला आधार मिळायचा.

कॅमेरे बंद असण्याची तुमची तक्रार मला पूर्ण कळते, पण तिच्यावर शक्ती घालवू नका. चेहरा दिसला म्हणजे डोकं चालू आहे असं नाही. घरात जागा नसते, नेट पुरत नाही, कुणाला नुसतंच अवघडल्यासारखं होतं. चेहऱ्याऐवजी काम मागा. वही दहा सेकंद कॅमेऱ्यापुढे धरून पुन्हा कॅमेरा बंद करायला माझी परवानगी असते, आणि तेवढं बहुतेक मुलं आनंदानं करतात.

तासाच्या मध्यावर एक कळीचा प्रश्न ठेवा. पुढे जायचं की थांबायचं हे त्यावर ठरतं, म्हणून तो आणि त्याचे पर्याय आदल्या दिवशी शांतपणे बनवायचे. माझा असा आहे: २/५ + १/४ = ? पर्याय: अ) ३/९, ब) ३/२०, क) ९/२०, ड) १३/२०. "अ" म्हणणाऱ्यानं वरचं वर, खालचं खाली मिळवलं. "ब" म्हणणाऱ्यानं छेद बदलला पण अंश तसेच ठेवले. "क" वाल्याला मघाचा छेदांच्या बेरजेचा नियम सापडलाय. "ड" बरोबर. चुकीचा प्रत्येक पर्याय एकेका आजाराचं नाव आहे, म्हणून मला मुलाला "कसं काढलंस?" विचारावं लागत नाही. पर्याय उगाच भरायचे म्हणून ७/११ वगैरे ठेवलेत तर हा फायदा गेला.

आणि या प्रश्नाखाली टाचणात निर्णय आधीच लिहून ठेवा. २८ किंवा जास्त बरोबर: पुढे. निम्म्यांहून कमी: नवीन उदाहरण घेऊन पहिल्यापासून, त्याच वाक्यांत. मधला आकडा असेल तर सर्वाधिक आलेल्या चुकीवर तीन मिनिटं, मग तसाच दुसरा प्रश्न. आधी लिहायचं कारण असं की तास चालू असताना आपण आशावादी असतो. वीस "ड" दिसले की मन म्हणतं, "बहुतेकांना आलंय." पंधराजणांना आलेलं नसतं.

चूक दुरुस्त करण्याची रीतही ठरलेली असावी. "नाही, पुन्हा विचार कर" याला दुरुस्ती म्हणत नाहीत. ज्याला येत नाही त्यानं पुन्हा कशाचा विचार करायचा? मी चुकीची पायरी सांगते, ती करून दाखवते, मग तीच त्याच्याकडून करून घेते, आणि दोन दुसरे प्रश्न मधे गेल्यावर पुन्हा त्याच प्रकारचा प्रश्न टाकते. हा शेवटचा भाग विसरू नका. लगेच विचारलं तर मूल आपलंच वाक्य परत करतं. पाच मिनिटांनी विचारलं तर त्याचं स्वतःचं काय उरलंय ते दिसतं. सगळ्यांसमोर नाव घेऊन चूक दाखवायची गरज नसते. "काहीजणांचं ३/२० आलंय, ते कसं आलं असेल बघू" एवढं पुरतं, आणि ज्यांचं आलं होतं ते कान देऊन ऐकतात.

स्लाइडबद्दल थोडक्यात. तयार सोडवलेली स्लाइड एकदम दाखवू नका, पायरी पायरीनं हातानं लिहा. मोबाइल पुस्तकांच्या दोन चळतींमध्ये पट्टीवर आडवा ठेवून खाली कागद ठेवला तरी काम भागतं. मी कित्येक महिने असंच शिकवलं. पडद्यावर जे लिहिलंय तेच शब्दशः वाचून दाखवू नका. एकाच वेळी वाचणं आणि तेच ऐकणं शिकण्याला उपकारक नसतं, हे रिचर्ड मेयर यांच्या संशोधनात वारंवार आलंय. हलती चित्रं, कोपऱ्यातली फुलं, टाळ्यांचे आवाज काढून टाका. एक गोष्ट मात्र घाला: प्रत्येक स्लाइडच्या वरच्या पट्टीत "आपण इथे आहोत: पायरी २, छेद समान करणे" अशी ओळ. नेट जाऊन सहा मिनिटांनी परत आलेलं मूल "मॅडम, काय चाललंय?" असं विचारायला लाजतं. ती ओळ त्याला उत्तर देते. याच कारणासाठी मी तासाआधी एक अर्धवट भरलेला कागद पाठवते. उदाहरणं छापलेली, पायऱ्या रिकाम्या. तो मुलानं वहीत उतरवून घेतला तरी चालतो. परत आलेल्या मुलाला निदान कोणत्या चौकटीत लिहायचं ते कळतं.

स्वतंत्र सरावाला तुमच्या ४० मिनिटांत आठ ठेवा. सहा प्रश्न, त्यात दोन समच्छेद, एक तरी जुन्या पाठातला. याच वेळात कळीच्या प्रश्नात अडकलेल्या चार-पाच मुलांना वेगळ्या ऑनलाइन खोलीत (ब्रेकआउट रूममध्ये) घ्या, बाकीच्यांना तिथेच सोडवू द्या. मुलांना गटखोल्यांत पाठवून "एकमेकांना समजावा" हा प्रकार पाठाच्या या टप्प्यावर मला मानवत नाही. ज्याला येत नाही तो गप्प बसतो, आणि ज्याला येतं तो उत्तर सांगून मोकळा होतो. आठवड्यानं, सगळ्यांना पुरेसं आल्यावर, तेच गट छान चालतात.

हेही सांगायला हवं की ही पद्धत सगळीकडे लावू नका. नवशिक्याला जे सोडवलेलं उदाहरण आधार देतं, तेच जाणकाराला आडवं येतं. स्लावा कालयुगा आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये हा उलटा परिणाम नीट मांडलाय. तुमच्या ३५ मधल्या चौघांना पहिल्या सहा मिनिटांतच सगळं येत असेल तर त्यांना शिडी चढायला लावू नका, सरळ वरचे प्रश्न द्या. आणि कवितेवरची चर्चा किंवा एखाद्या प्रश्नाची अनेक उत्तरं शोधणं, अशा गोष्टींना या चौकटीत कोंबू नये. तिथे ३५ सारखी उत्तरं येणं हीच चूक असते.

आता रेकॉर्डिंग. द्या, पण अख्खा तास देऊ नका. ४० मिनिटांचं रेकॉर्डिंग ज्याला गरज आहे तो कधीच पाहत नाही. एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या अभ्यासक्रमांतले ६९ लाख व्हिडिओ-पाहणीचे प्रसंग तपासून फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं की सहा मिनिटांपेक्षा छोटे व्हिडिओच जास्त टिकून पाहिले जातात. हातानं लिहीत शिकवलेले व्हिडिओ नुसत्या स्लाइडपेक्षा जास्त धरून ठेवतात, हेही त्यांना आढळलं. तुम्हाला आणखी काही बनवायचं नाहीये. २/३ + १/४ आणि ३/५ + १/३ करून दाखवतानाची पाचेक मिनिटं तेवढी कापून द्या, ज्यात तुमचा आवाज आणि कागद आहे, मुलांचे चेहरे आणि नावं नाहीत. खाली दोन प्रश्न जोडा. प्रश्नांशिवाय व्हिडिओ पाठवला तर "पाहिला" आणि "हो सर" यांत काही फरक राहत नाही.

हाच व्हिडिओ तासाआधी पाठवून तासात फक्त सराव घेता येईल का, असं तुमच्या मनात येईल. मोठ्या मुलांसोबत येतो. सहावीला मी तो धोका घेणार नाही. दहा मुलं पाहून येतील, पंचवीस नाही, आणि मग तुम्हाला तासात दोन वेगळे वर्ग सांभाळावे लागतील. दाखवणं तासातच ठेवा. व्हिडिओ गैरहजर राहिलेल्यांना आणि शेवटच्या प्रश्नात अडकलेल्यांना पाठवा.

तो शेवटचा प्रश्न, १/६ + ३/८, तास संपायला चार मिनिटं असताना टाका आणि वहीचा फोटो मागवा. फोटो यायला वेळ लागतो, पोरं आधी घाईनं धुरकट पाठवतात, मग दुसरा पाठवतात. रात्री त्यांचे तीन गठ्ठे करा: आलं, एका पायरीवर अडलं, कळलंच नाही. मला १५ मिनिटं लागतात. दुसऱ्या गठ्ठ्यात सर्वांत जास्त वेळा जी पायरी दिसेल, तो उद्याच्या उजळणीचा पहिला प्रश्न.